पाय धुतलेल्या पाण्याचा दोडका

वैशाख, मंगळवार. भिवंडी, मागावरची पाळी सुटल्यावर.

माय माझं कुठं ऐकते. होळीला दोडक्याच्या बिया घेऊन गावी गेलो तर म्हणे, "माणसाला प्यायला पाणी न्हाई अन् तू वेल लावायचं बोलायलास. लातूर जिल्हा नवा झाला, म्हणून काय आभाळ बी नवं आलं?" मी पण चिडलो. बिया कोनाड्यात टाकल्या अन् परत यायला औशाची एसटी धरली.

आज गावाकडून अंकुश कामावर परत आला. पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेला दोडका काढून माझ्या हातावर ठेवला. "तुझ्या मायनं दिलाय." म्हणजे कोनाड्यातल्या बिया मायनं लावल्या तर! असल्या दुष्काळात ह्याला पाणी कुठून घातलं?

अंकुश हसला. "तुमच्या घरी गेलो तर मावशी म्हणली, दारात पाय धुऊ नको, परसात चल. वेलाच्या आळ्यापाशी उभं केलं, मग तांब्या दिला. आल्यागेल्याला तसंच करते."

म्हणजे टँकरचं पाणी वेलाला वेगळं घातलंच न्हाई. पाहुण्याची रीत पण मोडली न्हाई. गावाच्या पायावरून उतरलेल्या पाण्यावर वेल वाढला. मला का सुचलं न्हाई हे? मी तर रोज एक तांब्या घाल म्हणून भांडत होतो.

दोडका उशाशी हाय. कापवत न्हाई. त्याच्या शिरांवरून बोट फिरवायलोय.

वेल भुईवर पसरलाय, शेळ्या तोंड घालतात, असं अंकुश म्हणाला. मांडव पाहिजे. उद्या मनिऑर्डर करतो. घरखर्चाचे पन्नास, तारेचे दहा. साठ रुपये.