रोमन तीन

१ जानेवारी
ताडी बंद. कायमची. वेणूसमोर जाहीर केलं. ती बोंबील वाळत घालत होती, तिने मानही वर केली नाही. नवऱ्याच्या निश्चयाला घरात किंमत नसते.

१२ जानेवारी
आज जाळ्यात इतिहास आला! मातीचं जुनं मडकं, अंगाला शिंपले चिकटलेले, गळ्याखाली तीन उभ्या रेघा. म्हणजे रोमन तीन. आपल्या भिंतीवरच्या घड्याळात अशाच आहेत. मच्छीमार सोसायटीच्या ट्रिपला मुंबईच्या म्युझियममध्ये पाहिलं होतं, रोमन लोक असल्याच भांड्यांतून जहाजाने आपल्याकडे वाइन पाठवायचे. काचेच्या पेटीत भांडं, खाली देणाऱ्याचं नाव.
वेणू म्हणाली, ताडीचा मडका हाय, टाकून द्या. तिने म्युझियम पाहिलेलं नाही.

१३ जानेवारी, सकाळ
सासरे येऊन बघून गेले. म्हणाले, जावईबापूंचं नाव रेशनकार्ड सोडून कुठे लागलं नाही, आणि तिथेही वेणूच्या खाली. बोटीवरसुद्धा 'वेणूकृपा'. लागेल! माझं नाव काचेखाली लागेल, अख्खं गाव बघेल.
ता. क. मडक्याला अजून वाइनचा वास येतो. दोन हजार वर्षं! वेणू म्हणते, वास तुमच्या तोंडाचा. काल तुक्याकडे साखरपुडा होता. साखरपुड्याची ताडी संकल्पात धरत नाहीत.

१८ जानेवारी
म्युझियमच्या दक्षा मॅडमना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, नंबर ट्रिपलाच घेतला होता. उत्तर आलं: 'बघू.' मोठी माणसं मोजकंच बोलतात. खूश असाव्यात.

१९ जानेवारी
डोकं चाललं. तीन आहे म्हणजे एक आणि दोन समुद्रातच कुठेतरी पडलेत. उद्यापासून शोध. मासे नंतर.

२७ जानेवारी
एक नाही, दोन नाही. सापडलं ते एक चप्पल आणि हेल्मेट. डिझेल संपलं. वेणू आज दुसऱ्याच्या बोटीची मासळी घेऊन बाजारात गेली. जरा लागलं मनाला. पण संशोधकाच्या घरी हे चालायचंच.

५ फेब्रुवारी
दक्षा मॅडम डहाणूला लग्नाला येतायत. रविवारी बघून जातील! ओटीवर टेबल, टेबलावर वेणूची ठेवणीतली साडी, साडीवर मडकं. सगळ्या गावाला आमंत्रण. सासऱ्यांना पहिली खुर्ची.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
एक आणि दोन सापडले. शुक्राच्या सायकलला टांगलेले होते.
शुक्रा आशागडचा ताडीवाला. गर्दी दिसली, धंदा होईल म्हणून थांबला. एका मडक्यावर एक रेघ, दुसऱ्यावर दोन. टेबलाकडे बघून मॅडमसमोरच ओरडला, आरं, हा त माझा तिसऱ्या झाडाचा मडका! पावसात ओहळानं नेलेला! झाडं ओळखायला रेघा ओढतो म्हणे. सासऱ्यांना हसून ठसका लागला, तो अजून थांबलेला नाही. मॅडम सभ्य. ग्लासभर ताडी प्यायल्या, फर्स्टक्लास म्हणाल्या आणि लग्नाला गेल्या.
मी मागच्या दारी जाऊन बसलो. खरंच रडू येत होतं. तेवढ्यात वेणू ते मडकं आणि शुक्राचा कोयता घेऊन आली. माझ्यासमोर बसून रेघांखाली कोयत्याच्या टोकाने कोरलं: नारू. उखाणा सोडला तर आजवर हिने माझं नाव कधी घेतलं नव्हतं. तिच्या मागोमाग आलेला शुक्रा म्हणाला, आता तिसऱ्या झाडाची पहिली ताडी रोज तुमची, काका.

१० फेब्रुवारी
ताडीबंदीचा संकल्प तहकूब. मडक्यावर आपलं नाव असताना नको म्हणणं बरं दिसत नाही.
सासऱ्यांना मुद्दाम आशागडला, तिसऱ्या झाडाखाली घेऊन गेलो. जावयाचं नाव पार ताडाच्या शेंड्याला लागलंय. एवढ्या उंच यांच्या खानदानात कोणाचं लागलेलं नाही.
खालून वाचता येत नाही.