चढण्यापुरता शिक्का

१६ जानेवारी

माफ कर, वही. नाताळापासून तुला हात लावला नाही. परवापर्यंत लिहिण्यासारखं काही नव्हतं. परवापासून आहे, तर हात उचलत नव्हता.

परवा धाकट्या नातीचा, मायमायचा, कान दुखत होता. दवाखान्यात नेलं. काउंटरवरच्या बाईने तिचं कार्ड दोनदा तपासलं. "आजोबा, हे बंद झालंय. हिची इथे राहायची मुदत बारा नोव्हेंबरलाच संपली." म्हटलं, चूक असेल, मोठीचं बघा, जेनिकाचं. तेही तसंच! दोन महिने दोघी या देशात विनातिकीट.

डॉक्टरने कान तरी बघितला. भला माणूस.

१७ जानेवारी

मारिविकला सांगितलं. माझी लेक दिवसभर कारखान्यात मांस कापते. घरी आली की बोटं वळलेली असतात, पेला दोन्ही हातांनी धरते. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"ताताय, माझा कामाचा परवाना अजून दोन वर्षं आहे. पोरींचा माझ्याबरोबरच असणार ना?"

बिस्किटांचा डबा उघडला. सगळ्यांचे कागद त्यात असतात. तिच्या कागदावर एक तारीख, पोरींच्या कागदावर दुसरी.

डबा माझ्या ताब्यात असतो.

१९ जानेवारी

हिबोकडे गेलो. वाचनालयाच्या मागे बाहेरून आलेल्यांचे कागद करून देणारं ऑफिस आहे, तिथे ती असते. सोमाली पोरगी. सगळ्यांसारखी मला लोलोच, आजोबाच, म्हणते.

"पोरींचे जुने पासपोर्ट बारा नोव्हेंबरला संपत होते. परवाना पासपोर्टच्या पुढे जात नाही, म्हणून तेवढाच दिला होता."

"पण पासपोर्ट नवे केले! ऑक्टोबरमध्ये! कॅल्गरीला रांगेत मी उभा होतो!"

"पासपोर्ट नवा झाला, लोलो. परवाना जुनाच राहिला."

नवे पासपोर्ट हातात आले त्या दिवशी मी पोरींना डोनट खायला नेलं होतं. सगळं झालं म्हणून! तीस वर्षं तिकडे आमच्या गावी, इलोइलोच्या बसवर कंडक्टर होतो. एका नजरेत तिकिटाची तारीख वाचायचो. घरातली दोन तिकिटं वाचता आली नाहीत.

मुदत संपल्यापासून नव्वद दिवसांत अर्ज केला तर मुदत परत मिळू शकते म्हणे. म्हणजे दहा फेब्रुवारीपर्यंत.

"नाही मिळाली तर?"

"मुलींना जावं लागेल."

"आईशिवाय?"

हिबो कागदांच्या कडा जुळवत बसली.

२० जानेवारी

एकवीस दिवस.

२२ जानेवारी

जेनिका म्हणाली, "लोलो, कॅलेंडरवर इतक्या फुल्या कशाला?"

"तुझा वाढदिवस मोजतोय."

"तो ऑगस्टमध्ये असतो!"

अकरा वर्षांची आहे. हिला फसवणं आता जमत नाही.

२७ जानेवारी

आज मारिविकला घेऊन हिबोकडे गेलो, पत्र लिहिलं. हे कसं घडलं, मुद्दाम केलं नाही, असं अर्जाबरोबर सांगावं लागतं. म्हटलं, चूक माझी आहे, माझ्या नावाने लिही.

मारिविक भडकली. "आई मी आहे! जबाबदारी माझी."

"तू दोन-दोन पाळ्या करतेस. डबा कुणाकडे असतो?"

"ताताय, जरा गप्प बसता का!"

हिबो म्हणाली, "माझ्या आजोबांकडे चाळीस उंट होते, लोलो. त्यांनी कधी तुमच्याएवढी काळजी केली नाही."

"उंटांना परवाना लागत नाही."

तिघंही हसलो. मग ती टाइप करायला लागली. "तुम्ही इथे कधीपासून आहात?"

"गेल्या मार्चच्या आठ तारखेपासून. पोरींना बघायला हिने बोलावलं."

तिची बोटं थांबली. "मधे कुठे गेला नाहीत? मुदत वाढवली नाही?"

"मला कशाला? माझ्या पासपोर्टवर शिक्का आहे, दहा वर्षांचा!" पान काढून दाखवलं.

तिने मारिविकला बाहेर झेरॉक्स काढायला पाठवलं. दार लोटून घेतलं आणि मला काहीतरी सांगितलं. हळू आवाजात, दोनदा. काय ते इथे लिहीत नाही.

"ही तारखेची ओळ काढू का, लोलो?"

"काढली तर पत्र खरं वाटेल? ऑक्टोबरमध्ये पासपोर्ट मी केले, डबा माझ्याकडे होता, हे?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"मग राहू दे," म्हटलं. सही केली.

३१ जानेवारी

अर्ज गेला. हिबोने एक बटण दाबलं, बस्स. ना पाकीट, ना तिकीट. गेला म्हणे.

१० फेब्रुवारी

नव्वदावा दिवस. बाहेर उणे एकतीस. काही झालं नाही.

८ मार्च

मला इथे येऊन वर्ष झालं. मारिविकने भाताची पेज केली, मला आवडतं तसं भरपूर आलं घालून. दोन वाट्या खाल्ल्या. चव कळली नाही.

१४ एप्रिल

जेनिकाने भांडी पुसता पुसता विचारलं, "मायमायला सांगू नका, पण आपल्याला पाठवणार आहेत का?"

"कोण म्हणालं?"

"कुणी नाही. तुम्ही रोज पोस्टाची पेटी उघडता."

"जाहिराती बघतो."

"अर्ज कॉम्प्युटरवर गेलाय, लोलो. उत्तर पण तिथेच येणार."

तरी उघडतो.

२२ मे

आलं! दोघींना मुदत मिळाली, आईच्या तारखेपर्यंत. तारीख मी तीनदा वाचली, बोट ठेवून. मारिविक फोन छातीशी धरून रडत होती. मायमायला काही कळलं नव्हतं, तरी ती सोफ्यावर उड्या मारत होती. आज कुणी तिला उतर म्हणालं नाही. कढई भरून शेवया केल्या, वरच्या मजल्यावरच्यांनाही दिल्या.

मी खुर्चीत बसून राहिलो.

"ताताय, आता तरी हसा! कवळी इलोइलोला विसरलात का?"

हसलो.

४ जून, कॅल्गरी विमानतळ

आता लिहितो. हिबो म्हणाली होती — तो दहा वर्षांचा शिक्का फक्त दारातून आत यायचा. राहायची मुदत सहाच महिन्यांची. माझी सप्टेंबरातच संपली, वरचे नव्वद दिवसही डिसेंबरात गेले. पत्रात तारीख लिहिली की त्यांना कळणार. कळलं. पोरींच्या मागून आठ दिवसांनी पोस्टाच्या पेटीत माझ्या नावाचं पत्र आलं. निघा.

मारिविकला वाटतं, गावी माझ्या भावाला भेटून नाताळाला परत येतोय. विनातिकीट माणसाला उतरवल्यावर पुन्हा कितीदा चढू देतात, मला माहीत आहे. तीस वर्षं तेच केलं.

जेनिका, तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, पत्र तू लिहीत जा. मायमायचा कान दुखतो का, ते कळव. लवकर कळव, बाळ.