पुष्पकमधली शेजारची जागा

मी, जिब्रान गयास शेख, वय चोवीस, धंदा रिक्षाचे हूड आणि सीट कव्हर शिवणे, राहणार हर्सूल, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी धमकावलेले नाही, कोणी फूस लावलेली नाही, मला कसलीही नशा नाही. झोप नीट झालेली नाही, पण तेवढ्याने कागद रद्द होत नाही, हे वकीलसाहेबांना विचारून घेतले आहे. शाळा नववीला सुटली. म्हणून हे आधी कच्चे लिहून, तपासून, मग पक्के केले आहे.

कारण असे की, उद्या रविवारी मी विमानात बसणार आहे.

विमान मोठे नाही. दोन माणसांचे, कापडाच्या पंखांचे, पुष्पक नावाचे. जुन्या काळी आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांत मुले त्यावर शिकत. गंगापूरचे कॅप्टन साहेबराव, निवृत्त वैमानिक, यांनी ते एका बंद पडलेल्या क्लबाच्या गोदामातून आणले आणि आपल्या शेतातल्या शेडमध्ये उभे केले. इंजिन त्यांनी पाहिले, कापड माझ्याकडे आले. हूड शिवणाऱ्याकडे पंख कसे आले, असे लोक विचारतात. कॅप्टन साहेब त्यांच्या जीपचे हूड घेऊन दुकानात आले होते. माझे टाके बघत बसले आणि म्हणाले, "एवढा बारीक टाका जीपला कशाला घालतो रं? चल, तुला टाक्याच्या लायकीचं काम देतो."

लायसन्सवाले इंजिनिअर येऊन एकेक गाठ बघून सही करून गेले. गेल्या आठवड्यात कॅप्टन साहेब एकटे उडून आले. शेजारच्या सीटवर माझ्या वजनाचे वाळूचे पोते बांधले होते. पोत्याला काही झाले नाही. पण पोत्याला आई नसते.

उतरल्यावर ते म्हणाले, "आता पोतं खाली. ज्यानं शिवलं त्यानं बसायचं. आमच्या उस्तादांचा नेम होता. शिवणाऱ्याचा जीव पंखाखाली असला की टाका ढिला पडत नाय."

मी तेव्हा "हो" म्हणालो. ते परत घेता येत नाही. म्हणून पुढील व्यवस्था.

कलम एक. घर. हर्सूलचे घर अब्बांच्या नावावर आहे. त्यात माझा जो हिस्सा येतो तो शरियतप्रमाणे वाटला जाईल. अम्मीला, म्हणजे मेहरुन्निसा यांना, मी वेगळे काही दिलेले नाही. विसरलो म्हणून नव्हे. ज्या घरात मी तिच्या परवानगीने राहतो, ते तिला देणारा मी कोण.

कलम दोन. दुकान आणि शिलाई मशीन. दोन्ही माझी बहीण अरफा, वय वीस, हिला. मशीनचे पायडल उजवीकडे अडते, ते तिला माहीत आहे. वकीलसाहेब म्हणाले की, आमच्यात वारसाला हिश्शापेक्षा जास्त द्यायचे तर बाकीच्या वारसांची संमती लागते, म्हणजे अम्मीची. ती खरे तर मरणानंतरची धरतात. पण तेव्हा मी सही मागायला असणार नाही, म्हणून आत्ताच मागत आहे. अम्मीने अजून दिलेली नाही. तिचे भांडण दुकानाशी नाही, कलम पाचशी आहे.

कलम तीन. हत्यारे. दाभण, पक्कड, मेणाचा गोळा, सगळे दुकानाबरोबर. अब्बांची मोठी कात्री शेजारच्या धोंडिबा चप्पलवाल्यांकडे आहे. अब्बा होते तेव्हा नेली, अजून आणली नाही. मागायला गेले की म्हणतात, "विमान शिवणाऱ्याला जुनी कात्री कशाला?" ती मागून आणावी. भांडू नये, पण मागावी.

कलम चार. अब्बा. अब्बा चितेगावला ट्रकवर ताडपत्री बांधताना वरून पडले. ज्या दोराला धरून उभे होते, तो दुसऱ्याने बांधला होता. त्याचे नाव मी कच्च्यात या ठिकाणी लिहिले होते, पक्क्या कागदात उतरवलेले नाही. इतकी वर्षे मनात धरून ठेवले, आता कंटाळा आला आहे. त्याच्या मागे कोणी लागू नये. त्या दुपारी अम्मी घरी ताट वाढून वाट बघत होती, आणि खबर तिला सगळ्यांच्या शेवटी मिळाली. तेव्हापासून मी ताडपत्रीचे काम घेत नाही. दुकानात स्टुलावर चढायचे कामसुद्धा अरफाच करते. मला खाली उभे राहूनच घाम फुटतो.

कलम पाच. विमानातली शेजारची जागा. हे कलम लांब आहे, माफी असावी.

पंखाचे कापड आतल्या फासळ्यांना शिवावे लागते. पंख उभा करतात. एक माणूस अलीकडे, एक पलीकडे. लांब सुई कापडातून आरपार जाते, पलीकडचा ती परत पाठवतो, मग गाठ. प्रत्येक टाक्याला स्वतंत्र गाठ, म्हणजे एक तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो. डाव्या पंखाच्या गाठी मी मारल्या, पलीकडे अरफा होती. उजव्याच्या अरफाने मारल्या, पलीकडे मी. मध्ये कापड असल्यामुळे ती दिसायची नाही, नुसती सुई यायची आणि बडबड यायची. "भाई, सो गया क्या? सुई पकड ना."

कॅप्टन साहेब एकटे उडून आले त्या दिवशी शेडमध्ये चहाला कॅप्टन साहेबांची मुलगी राजनंदिनी मॅडम होत्या, त्या प्रवाशांची मोठी विमाने उडवतात. शिवाय कृष्णा सर होते, ते मुलांना विमान शिकवतात. बोलता बोलता विषय निघाला, छोट्या विमानांत कोणाचा जीव कशात अडकला आहे.

कृष्णा सर म्हणाले, "आपलं दोन सीटचं सेसना. पोरगं कितीबी आपटू दे, चूक पोटात घालतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तयार."

"म्हणूनच तुझी पोरं आपटतात," कॅप्टन साहेब म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, "माझंही सेसनाच, पण चार सीटचं. मोठ्या विमानात माणसं दाराआड असतात, एकाचं तोंड दिसत नाही. त्या छोट्यात आई मागं बसली होती. वर गेल्यापासून उतरेपर्यंत ओरडत होती. तशी मजा पुन्हा आली नाही."

"आन् मी खाली उभा राहून ऐकत होतो," कॅप्टन साहेब म्हणाले. मग पुष्पकच्या पंखावर हात ठेवून म्हणाले, "मला हेच. लई हळू जातं. इतकं हळू की खाली गुऱ्हाळ चालू असलं तर वास वर येतो. उतरताना मात्र लाड करत नाय. शेपटीला चाक आहे, पाय जरा चुकला की गरकन फिरवून सोडतं. सेसना सांभाळून घेतं. हे तोंडावर बोलतं. मला तोंडावर बोलणारी माणसं आवडतात, विमानबी तसलंच."

मॅडमनी सहज विचारले, "अरफा, तुझं कोणतं गं?"

अरफा म्हणाली, "ज्याचा उजवा पंख मी शिवलाय ते."

सगळे हसले. कॅप्टन साहेब हसले नाहीत. म्हणाले, "व्हय की. मग हिचीबी सीट लागते."

हे घरी कळल्यापासून अम्मी भांडी हळू ठेवत नाही.

"तू जा," अम्मी मला म्हणाली. "तेरे कू नै रोक सकती. अरफा नक्को."

"अम्मी, पंख मैंने बी सिया," अरफा म्हणाली.

"हौ, तो? तेरे झबले मैंने सिये, मैं पालने में बैठी क्या?"



मी थकलो आहे, म्हणून सरळ लिहितो. मला बसायचेच नाही. अरफाला बसायचे आहे. तिला विमानाखाली उभे राहून वर बघताना मी पाहिले आहे, मी तर बघतसुद्धा नाही. सीट आजच तिला देऊन मोकळा झालो असतो. पण डाव्या पंखाच्या गाठी माझ्या आहेत. उजव्याची मला काळजी नाही. डाव्याच्या टोकाकडच्या काही गाठी उलगडून मी पुन्हा मारल्या, इंजिनिअर म्हणाले आधीच्याही ठीक होत्या, तरी डोळे मिटले की तोच पंख समोर येतो. माझ्या गाठींखाली आधी मी बसणार. डावा पंख टिकला की पुढची फेरी तिची.

करिता लिहून देतो: पुष्पकमधली कॅप्टन साहेबांच्या शेजारची जागा, माझ्या फेरीनंतर, अरफा गयास शेख हिची आहे. ती तिला मी दिलेली नाही. तिने शिवून मिळवलेली आहे. मी फक्त तिला कोणी अडवू नये म्हणून लिहीत आहे.

वकीलसाहेबांनी हे कलम खोडायला सांगितले. म्हणाले, "अरे, तू परत आला नाहीस तर विमानही यायचं नाही. आणि आलास तर मृत्युपत्र लागू होत नाही. मग हे कलम लागू कधी होणार?" मी म्हणालो, "साहेब, तुमचं बरोबर आहे. तरी राहू द्या."

कलम सहा. मी सुखरूप उतरलो तर हा कागद फाडावा. कलम पाच फाडू नये.

वरील सर्व मी वाचले, समजले. सही माझीच आहे.

सही: जिब्रान गयास शेख
ठिकाण: हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १७ जानेवारी २०२६, शनिवार

साक्षीदार: १. साहेबराव (कॅप्टन, निवृत्त), गंगापूर. २. राजनंदिनी, त्यांची मुलगी. दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली. अरफाला साक्षीदार व्हायचे होते. ज्याला काही मिळते त्याने साक्ष देऊ नये म्हणून तिला घेतलेले नाही.

संमती. साक्षीदार गेल्यावर अम्मीने कागद वाचून दाखवायला सांगितला. कलम चारला ती उठून आत गेली, परत आली. कलम पाच दोनदा वाचायला लावले. मग म्हणाली, "कलम दो मंजूर. पाँच बी मंजूर. मेरी एक शर्त है, मैं बोलती वैसीच लिख." तिने सांगितले तसे लिहीत आहे:

"दोनों बखत मैं उधरीच खड़ी रहूँगी, मैदान पे, जहाँ से दिखता. पिछली बार मैं घर में खाना ले के बैठी थी."

सही (उर्दूत): मेहरुन्निसा गयास शेख