पुलीवरचा लाल ठिपका

कोथरूड, पुणे
वसुबारस

तीर्थरूप द्वारकाआत्यांना भाचेजावई सुदर्शनचा साष्टांग नमस्कार (अक्षरशः साष्टांग, गेले पंधरा दिवस मी गाडीखाली आडवाच आहे).

अकोल्यात थंडी पडायला लागली असेल. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा, चैताली पाठवेल. आम्ही दोघं बरे आहोत. माझी डावी भुवई अर्धी जळली आहे, पण येईल म्हणतात. ती कशी जळली ते फोनवरच सांगितलं असतं. पण परवा मी ‘तुमच्या पूजेमुळे घोळ झाला’ असं बोलून गेलो आणि तेव्हापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. (चैतालीचा उचलता. तिने तो माझ्या हातात दिला की अकोल्याची रेंज जाते.) म्हणून हे पत्र.

तुमची चौऱ्याऐंशी सालची फियाट आमच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली दहा वर्षं उभी होती. पाडव्यापर्यंत सुरू झाली नाही तर भाऊबीजेला सकाळी भंगारवाला येईल, असं तुम्ही बजावलंत. चैताली त्या गाडीच्या मागच्या सीटवर लहानाची मोठी झाली; ती दोन दिवस नीट जेवली नाही. म्हणून मी इंजिन उतरवलं. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, सगळं खोललं, धुतलं, नवं घातलं. इथवर सगळं सुरळीत झालं.

राहिलं टायमिंग. गणिताच्या बाईंना मी शिकवणं म्हणजे आगाऊपणा, तरी सांगतो. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर पोचायच्या बेताला ठिणगी पडली पाहिजे. पिस्टन आत असतो, दिसत नाही. म्हणून बाहेरच्या पुलीवर एक बारीक खाच दिलेली असते, तिच्यावरून जुळवायचं. ती खाच मी चैतालीच्या लाल नेलपेंटने रंगवून ठेवली होती. खंडेनवमीला तुम्ही आलात, हॉलमध्ये चादरीवर इंजिन सुटं मांडलेलं पाहिलंत आणि एकही नट पूजेवाचून राहता कामा नये म्हणालात. राहिला नाही. पुढे जोडणी करताना मी पुलीवरचा लाल ठिपका बघितला, त्यावर टायमिंग लावलं आणि किल्ली फिरवली.

धडाम! कार्बोरेटरमधून जाळ आला, भुवई गेली. वायरी अदलून बदलून मी नऊ दिवस तेच केलं. आठव्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: ‘दिवाळीपूर्वी फटाके वाजवू नयेत. हे कोणासाठी आहे ते त्यांना कळले आहे.’

शेवटी नारायण पेठेतून साईनाथ मिस्त्रींना आणलं. वय सत्तर, बोलणं मोजकं. त्यांनी प्लग काढला, भोकात चैतालीची विणायची सुई सोडली आणि मला इंजिन हाताने फिरवायला लावलं. सुई वर वर आली, थांबली. मग त्यांनी पुली पाहिली. लाल ठिपका असायला हवा तिथून चांगला चार बोटं दूर होता. त्यांनी तो बोटाने पुसला आणि वास घेतला. “कुंकू आहे,” ते म्हणाले. “टायमिंग देवावर सोडलं होतंत का?”

नेलपेंट मी थिनरने धुतानाच गेलं होतं. खरी खाच तेलाच्या काळ्या थराखाली सापडली. मिस्त्रींनी ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्यूटर त्या खाचेवरून जुळवला, मी किल्ली फिरवली आणि आत्या, पहिल्या झटक्याला गाडी सुरू झाली. चैताली मागच्या सीटवर जाऊन बसली ती अर्धा तास उतरेना. मला रडू आलं. धुराने नव्हे.

तिकडे सर्वांना यथायोग्य सांगावे. औषधं वेळेवर घ्यावीत.

तुमचा,
सुदर्शन

ता. क. गाडी सुरू झाल्याचं मी भंगारवाल्याला कळवलं. तो म्हणतो, बाईंनी स्वतः नको म्हटल्याशिवाय क्रेन येणारच. गाडी त्यांच्या नावावर आहे. तेव्हा भाऊबीजेच्या आत त्याला एक फोन करावा, ही विनंती.

आणखी एक ता. क. चैतालीने आत्ताच खंडेनवमीचा फोटो दाखवला. तुम्ही पाठमोऱ्या बसून निरांजन लावताहात. पुली सोफ्याखाली घरंगळली होती, ती काढून तिला कुंकू लावणारा हात माझा आहे, अंगठीसकट. पत्र पुन्हा लिहायला हवं, पण स्पीडपोस्टची खिडकी चारला बंद होते. चुकलं माझं. राग माझ्यावरच ठेवा, गाडीवर नको. माझा फोन जन्मात उचलू नका, पण भंगारवाल्याला तेवढा करा.