सर्व वयोगटांसाठी सुलभ

४ एप्रिल, सोमवार

पत्रक छापून आलं. ‘जंगलातला खडीचा रस्ता. अडतीस किलोमीटर, एकही मोटार नाही, सर्व वयोगटांसाठी सुलभ.’ शब्द न् शब्द माझा. पर्यटन कार्यालयात बावीस वर्षं पत्रकं लिहितोय, पण इतकं झकास कधी उतरलं नव्हतं. मॅडमनी मीटिंगमध्ये विचारलं, रस्ता स्वतः पाहिलाय ना? म्हटलं, पाहिलाय काय, सायकलने केलाय!

हे तसं खोटं नाही. नकाशावर बोट फिरवताना मी मनाने सायकलवरच होतो.

६ एप्रिल

धाबं दणाणलंय. मॅडमनी जाहीर केलं की चोवीस तारखेला रविवारी उद्घाटन. वीस जणांची सायकलफेरी, आणि सगळ्यांच्या पुढे मी. कारण काय, तर रस्ता माहीत असलेला माणूस ऑफिसात एकच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तळवे ओले असल्याने माझ्या टाळीचा आवाज आला नाही.

शेवटची सायकल दहावीत चालवली होती. सायकल आणि पोहणं माणूस विसरत नाही म्हणतात. पोहायला मी शिकलोच नाही, म्हणजे निम्मी काळजी मिटली.

७ एप्रिल

ग्रॅव्हल बाईक, म्हणजे खडीवर चालवायची सायकल, भाड्याने आणली. जाड टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल. सायकलवाला म्हणाला, साहेब, उतारावर नुसता पुढचा ब्रेक आवळू नका, डोक्यावरून पलीकडे जाल. त्याला म्हटलं, उतार नाहीच मुळी. मीच लिहिलंय.

बायकोने सायकल पाहिली आणि विचारलं, कोणासाठी आणलीत?

संकल्प : रोज सकाळी सहाला सराव. आधी दहा किलोमीटर, मग वीस, मग तीस. तक्ता करून फ्रिजवर लावला. चार रंगांत.

८ एप्रिल

पाऊस येईल असं वाटलं. आला नाही.

९ एप्रिल

गुडघा. डावा. (दुपारनंतर उजवा.)

१० एप्रिल

तक्त्यात किरकोळ दुरुस्ती. सराव बिल्डिंगमागच्या पार्किंगमध्ये, चार फेऱ्या. पाचवीत कचऱ्याच्या डब्याने ऐन वेळी जागा सोडली नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाई गॅलरीतून बघत होत्या. मग डबा तपासायलाच आलोय अशा थाटात झाकण उघडून आत पाहिलं. मान हलवली. बाईंनीही हलवली.

एकंदर प्रगती चांगली.

१३ एप्रिल

नोंदणी पूर्ण झाली. अर्ज चाळले. त्यात एक नवरा-बायको आहेत, आणि सायकलच्या मागे जोडायच्या छोट्या गाडीत त्यांचं दीड वर्षाचं मूल. ‘फेरीला का येत आहात?’ या रकान्यात बापाने लिहिलंय, ‘रस्ता सुलभ आहे असं पत्रकात वाचलं म्हणून.’

जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, अहो, तुम्ही हा रस्ता केलात तरी कधी? म्हटलं, ऑफिसच्या वेळात. ती ‘हं’ म्हणाली. तिच्या ‘हं’पुढे माझी बोबडी वळते.

ठरलं. येत्या रविवारी एकट्याने जाऊन रस्ता करून यायचा. म्हणजे खोटं उरणारच नाही. फक्त जरा उशिरा खरं झालेलं असेल.

१७ एप्रिल, रविवार. दुपारी साडेतीन

घरी पोचलोय. जिवंत. कोपर दुखतंय, अक्षर वाचता आलं नाही तर पुढे कधीतरी नीट लिहीन.

सकाळी सायकल टेम्पोत घालून रस्त्याच्या तोंडाशी गेलो. पूर्वी इथून लाकडाचे ट्रक जायचे, आता वाहनांना बंदी. पहिला अर्धा तास उत्तम. दोन्ही बाजूंना उंच झाडं, टायरखाली खडी करकरतेय. मग माझ्या लक्षात आलं की त्या करकरीखेरीज दुसरा आवाजच नाही. थांबलो तर तोही थांबला. मोबाइलला रेंज नाही. एकही मोटार नाही याचा अर्थ मदतीलाही कोणी येणार नाही, हे पत्रक लिहिताना सुचलं नव्हतं. शिटी वाजवायला गेलो, नुसती हवा आली.

सातव्या किलोमीटरला फाटा. पाटी नाही. माझं दिशाज्ञान पक्कं असल्याने डावीकडे वळलो.

दोनशे पावलं गेलो असेन आणि रस्ता पायाखालून खचावा तसा खाली गेला. खडी कसली, सुटे धोंडे! डाव्या हाताला काहीच नाही. म्हणजे खरोखरच काही नाही, झाडांचे शेंडे माझ्या पायांच्या खाली. दोन्ही ब्रेक आवळले. चाकं थांबली, सायकल नाही. मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही, पण त्यात आई होती. वळणावर उजव्या बाजूच्या मातीच्या उंचवट्यावर जाऊन आदळलो आणि तिथेच पडून राहिलो. सायकल घसरत डावीकडे गेली, तिचं एक चाक कड्याच्या बाहेर लोंबत गरगरत होतं. किती वेळ ते फिरत होतं कोण जाणे. मी त्याच्याकडे बघत होतो, आणि मला दिसत होती ती सायकलमागची छोटी गाडी.

तेवढ्यात वरून घुरघुर ऐकू आली. धाप, फांद्या मोडल्याचा आवाज, परत धाप. रानडुक्कर. पाचावर धारण बसली. डोळे मिटले, श्वास रोखला. घुरघुर जवळ आली आणि म्हणाली, लागलं का हो?

साठी उलटलेल्या बाई. निवृत्त नर्स, फेरीत नाव नोंदवलेल्या. सायकल हातात धरून उतरत होत्या आणि चांगल्याच धापा टाकत होत्या. त्यांनी माझं कोपर पाहिलं, बाटलीतल्या पाण्याने धुतलं, रुमाल बांधला. म्हणाल्या, मी तुमच्या मागेच होते. तुम्ही ऐटीत डावीकडे वळलात, म्हटलं माणूस माहितगार दिसतोय, जावं मागोमाग. मग कड्याकडे बघून म्हणाल्या, याला सुलभ म्हणणारा गाढव कोण असेल हो?

मी म्हटलं, असतात असे लोक, ताई.

त्या म्हणाल्या, त्याला एकदा इथे आणून उभा केला पाहिजे.

मी म्हटलं, केलाच पाहिजे.

वर परत यायला पाऊण तास लागला. दोन्ही सायकली त्यांनीच आळीपाळीने ओढल्या. मी त्यांना धीर दिला.

१९ एप्रिल

मॅडमना सगळं सांगायला गेलो. त्या फोनवर होत्या. थांबलो. फोन संपला. मग मीच निघालो.

२१ एप्रिल

मेल लिहिला : ‘काही तांत्रिक कारणांमुळे रस्ता सुलभतेच्या व्याख्येत पूर्णतः...’ पुसला. बायकोला म्हटलं, ताप आहे. तिने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, ताप नाही, पण काहीतरी आहे खरं. कोपराचं विचारलं नाही. हे फार वाईट लक्षण.

डोळे मिटले की चाक फिरतं.

२४ एप्रिल, रविवार. दुपार

लिहूनच ठेवतो.

साडेसातला सगळे जमले. फीत, माईक, मॅडम नव्या हेल्मेटमध्ये. नर्सबाईही होत्या, मला बघून हात केला. आणि ते कुटुंब. छोट्या गाडीत मूल पट्ट्याने बांधलेलं, एक मोजा निघालेला, तो तोंडात. मॅडमनी माझी ओळख करून दिली : हा रस्ता ज्यांना तळहातासारखा ठाऊक आहे ते आमचे हे. माईक माझ्या हातात दिला. बाप खाली वाकून पोराचा पट्टा आवळत होता.

मी म्हणालो, जाऊ नका.

माईकमधून ते फार मोठ्याने आलं. मग थांबताच येईना. सांगितलं की मी हा रस्ता कधीच केला नव्हता. पत्रक टेबलावर बसून लिहिलं. गेल्या रविवारी पहिल्यांदा गेलो आणि सातव्या किलोमीटरला मरता मरता वाचलो. या बाईंना विचारा. नर्सबाई म्हणाल्या, कडा आहे खरा, मीही पाहिलाय. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, म्हणजे तो गाढव तुम्हीच का?

उद्घाटन रद्द. मॅडमनी नवं हेल्मेट काढून ठेवलं. पण बाप आला, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, तुम्ही आमच्यावर फार मोठे उपकार केलेत. त्याचे डोळे भरले होते. माझेही.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती शेजारी येऊन बसली.

नोकरी जाईल बहुतेक. जाऊ दे. बावन्न वर्षांत पहिल्यांदा वाटतंय की आपण कुणाच्या तरी कामी आलो.

२९ एप्रिल, शुक्रवार

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. वनखात्याचा माणूस आणि आमचे इंजिनिअर परवा अख्खा रस्ता सायकलने करून आले. अडतीस किलोमीटर. चढ नावाला, उतार त्याहून कमी, दरी कुठेच नाही. इंजिनिअर म्हणाले म्हणे, इतकं अचूक सरकारी पत्रक आजवर वाचलं नव्हतं.

म्हटलं, आणि तो कडा? मॅडमनी नकाशा पुढे सरकवला. दाखवा म्हणाल्या. मी बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट उचलून खाली पाहिलं. मग म्हणाल्या, ही पाण्याच्या टाकीकडे उतरणारी पायवाट आहे. आपला रस्ता फाट्यावर उजवीकडे जातो.

म्हणजे खोटं बोललो ते सगळं खरं होतं. आणि खरं बोललो ते

नोकरी राहिली. फाट्यावर पाटी लागणार आहे. नवं उद्घाटन पुढच्या रविवारी, पुढे नर्सबाई. पत्रक आहे तसंच, खालचं माझं नाव तेवढं काढलंय.

निघताना मॅडम म्हणाल्या, त्या मूलवाल्या कुटुंबाला मी परवाच फोन करून चूक कळवायला हवी होती, पण त्यांनीच आज फोन केला. वनखात्याकडे चौकशी करून ते काल आपले आपणच जाऊन आले. अडतीसच्या अडतीस किलोमीटर. पोर सगळ्या वाटेत झोपलेलं होतं.