ब्रेकच्या थाळीवरचा साथिया

६ जानेवारी, मंगळवार

मुक्ताच्या गाडीच्या थाळ्या आल्या. थाळ्या म्हणजे ब्रेकच्या, ती डिस्क म्हणते. पुढच्या चाकांच्या दोन. खोका एवढा जड की कुरियरवाला म्हणाला, बा, आमां शुं भर्युं छे, काय भरलंय यात? मी म्हटलं, नातीच्या गाडीचा सामान छे. त्याने लाल गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि सही घेऊन गेला.

गाडी दोनच माणसांची. मागे माझी भाजीची पिशवी मावते, झालं. जुनीच घेतली, पण स्वतःच्या पगारात. १८ला तिला ट्रॅकवर न्यायचीय. ट्रॅक म्हणजे नुसतं गोल गोल जोरात जायचं, पोचायचं कुठेच नाही. मला हसू आलं. पण ती म्हणते, आजी, जोरात जायला धाडस लागत नाही, जोरात थांबता आलं पाहिजे. हे पटलं. जुन्या थाळ्या झिजल्या, कंपनीच्या परवडत नाहीत, म्हणून या स्वस्तातल्या.

भरीत केलं. खारट झालं.

८ जाने., गुरुवार

दोन दिवस हे खोक्याकडे बघायलाच तयार नव्हते. "स्वस्तातला ब्रेक ट्रॅकवर नेतात का कोणी." ह्यांचं सगळं आयुष्य बडोद्याच्या प्रतापनगरला रेल्वेच्या वर्कशॉपात गेलं, चाकं आणि ब्रेक. आता सुभानपुऱ्यात राहतो तरी हात तसाच वळवळतो. शेवटी मुक्ताने आबा आबा करून आणलंच.

"हिला भोकं नाहीत? हल्ली भोकंवाल्या असतात."

"भोकांपाशी तडे जातात आबा, ट्रॅकवर जास्त. साधी बरी."

यावर गप्प. पटलं की गप्प बसतात, पन्नास वर्षं बघतेय. मग थाळी दोरीला टांगली आणि पान्याने वाजवली. वर्कशॉपात चाकं अशीच वाजवून बघायचे, तडा असला की बद्द आवाज येतो. ही इतकी सुरेख वाजली. दुसरीही. वरच्या हंसाबेन गॅलरीत आल्या, आजे आरती वहेली? आज आरती लवकर कशी म्हणून.

१० जाने., शनिवार

बसवल्या एकदाच्या. जुनी थाळी गंजून बसलेली, निघेना. मुक्ता लाथा मारायला लागली. ह्यांनी तेल सोडलं, चहा प्यायले, मग हातोडीने चहूबाजूंनी टकटक. निघाली. मुक्ता म्हणाली, आबा, तुम्ही माझे हीरो. हे लाजले.

नव्या थाळ्यांना तेल असतं गंजू नये म्हणून. तिने फवारा मारून पुसलं, पुसलं, पांढरं फडकं पांढरंच राहीपर्यंत. म्हणाली, आता कोणी हात लावायचा नाही.

आणि मी लावला. लिहूनच टाकते. शनिवार आहे, शनिवारी लोखंड कोणी घरात घेत नाही. आलं मंगळवारी, पण बसवायला चालतं का? विचारणार कोणाला. पोरगी जोरात जाणार त्यावर. हात धुवायला दोघं आत गेली तेव्हा कुंकू कालवून एका थाळीवर बोटाने छोटा साथिया, म्हणजे आपलं स्वस्तिक, काढला. पुसून जाऊ नये म्हणून तुपात कालवलं. मुक्ता हसेल म्हणून मागच्या बाजूला काढला. दुसरीवर काढणार तेवढ्यात ती आलीच.

बरं वाटलं मला.

११ जाने., रविवार

सकाळी डभोई रस्त्याला गेलो, मी आणि मुक्ता. नव्या ब्रेकना सवय लावायची असते म्हणे. जोरात जायचं, ब्रेक दाबून सावकाश व्हायचं, पण थांबायचं नाही, पुन्हा जोरात. मला तर मजाच वाटली. परतताना सेव उसळ खाऊ म्हणत होतो, राहिलं.

कारण चौथ्या-पाचव्यांदा मुक्ता म्हणाली, "आजी, शिऱ्याचा वास कुठून येतोय?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

मग ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढायला लागली. तिने हळू हळू घरी आणली. तोंड एवढंसं. ह्यांनी ऐकलं आणि म्हणाले, मी म्हटलं होतं, स्वस्तातलं. ती म्हणाली, थाळ्या परत पाठवते, ट्रॅकसाठी दिलेलं नाव काढून घेते, एवढंच. दुकानवाल्याला फोन करून खूप बोलली. तो बिचारा म्हणत होता, बेन, असं कधी झालं नाही.

जेवण गेलं नाही मला.

१२ जाने., सोमवार

सांगितलं. पोहे पुढ्यात ठेवून सांगितलं, म्हणजे उठून जाणार नाहीत.

मुक्ताने पोह्यात चमचा ठेवला. हे म्हणाले, "तूप कुठलं? गाईचं?"

"हो."

"म्हणून वास चांगला."

मग मुक्ता जी हसायला लागली. म्हणते, आजी, ब्रेकला तूप. ब्रेकला. पण हसणं संपल्यावर तिने मला जवळ बसवून नीट सांगितलं. तुपाने एका चाकाचा ब्रेक घसरतो, दुसरा धरतो, म्हणून गाडी ओढते. ट्रॅकवर असं झालं असतं तर गाडी भिंतीत गेली असती.  शनीच्या भीतीने मी काय करून बसले होते.

चाक काढलं. थाळी धुऊन स्वच्छ झाली, पण थाळीला दोन्हीकडून धरणारे ते पॅड तूप प्यायलेले. हे म्हणाले, घासून बाजारात जायला चालतील, ट्रॅकला नाही. नवे मागवले. दुकानवाल्याला मी फोन लावायला लावला, स्वतः माफी मागितली. तो म्हणाला, बा, तमे तो भारे करी, म्हणजे कमालच केलीत.

हे थाळीला स्वस्तातली म्हणाले नाहीत दिवसभर.

१४ जाने., बुधवार

उत्तरायण. सगळं बडोदं गच्चीवर, आज आणि उद्या कुरियर कसला येतोय. उंधियू आला हंसाबेनकडून, मी तीळगूळ दिला. मुक्ताने तीन पतंग कापले, पण मधेच फोनमध्ये बघते पॅड कुठवर आले. सुरतेला अडकलेत. मी पण विचारते, सुरतच का अजून? हे म्हणतात, तुम्ही दोघी सारख्या.

१६ जाने., शुक्र.

आले. संध्याकाळी सहाला. मी फाटकातच उभी होते.

१७, शनि.

पुन्हा शनिवार. मी गप्प. सकाळी बसवले, डभोई रस्ता, सगळं पहिल्यापासून. या वेळी हे बसले तिच्या शेजारी. दोन तासांनी आले. ह्यांना विचारलं कसं काय, तर म्हणाले, सरळ थांबते. दोन्ही हात पुढे करून दाखवलं, सरळ. जेवताना पुन्हा एकदा दाखवलं.

मुक्ता म्हणाली, आजी, साथिया काढ आता, पण डिकीवर.

हे म्हणाले, पाण्यात कालव.

१८ जाने., रविवार, ट्रॅकवर

पहाटे निघालो, दोघं हंसाबेनच्या मुलाच्या गाडीतून, मुक्ता पुढे तिच्या. इथे टायरचा आवाज फार. मुक्ता चार वेळा जाऊन आली. कोपऱ्यावर ब्रेक मारते तेव्हा डिकीवरचा साथिया लांबूनही दिसतो, निदान मला दिसतो. चाकाला हात लावू देत नाही, पोळेल म्हणते. हे थाळीकडे वाकून वाकून बघून आले. तडा नाही.

आता शेवटच्या फेऱ्या सावकाश घेतात, त्यात सोबत एक माणूस चालतो. मुक्ता हेल्मेट घेऊन माझ्याकडेच आली. मी ह्यांच्याकडे बघितलं. मनाई करतील वाटलं.

हेल्मेट डोक्यात जात नाही, अंबाडा आडवा येतो. सोड ना आजी, म्हणते. चार लोकांत केस सोडून कधी उभी राहिले नाही मी. ह्यांनी नुसता हात पुढे केला, केसांतले आकडे घ्यायला.

पाच आकडे दिलेत. वहीपण त्यांच्याकडेच ठेवते.