दोन मिनिटांसाठी लावलेली गाडी

तीर्थरूप दादास,

बसल्या जागेवरून साष्टांग नमस्कार. (आठांपैकी चार अंगं गेली कित्येक वर्षं संपावर असल्यामुळे हा नमस्कार निम्माच आहे, पण उरलेल्या चारांनी कसर भरून काढली असं समज.) तुझी शुगर, वहिनीचा खांदा आणि तुमच्या न्हाणीघरातली गळती या तिघांच्या प्रकृती आता कशा आहेत ते कळव. इकडे माझी तब्येत उत्तम, डोकं तेवढं फिरलेलं आहे. परवा तुझा फोन आला, तू लेकीच्या लग्नाच्या गडबडीतलं काहीतरी सांगत होतास आणि मी "ठेव आता" म्हणून तो कापला. त्यावर वहिनी काय म्हणाली असेल ते मला इथे बसून ऐकू येतंय. तर फोन का कापला ते सविस्तर लिहिते. फोनवरही सांगितलं असतं, पण फोनवर तू दर वाक्याला "हो हो, आलं लक्षात" म्हणतोस आणि तुझ्या लक्षात काहीही आलेलं नसतं. पत्राला तसं मध्ये तोडता येत नाही.

माझी गाडी तू पाहिली आहेस, पण मी तिच्यातून उतरते कशी ते तू कधी पाहिलेलं नाहीस, कारण तू येतोस तेव्हा मी घरातच असते. (आणि तू दारातूनच "बस बस, उठू नकोस" म्हणतोस, जसा काही माझा उठायचा बेत होता.) तर आधी दार सताड उघडायचं. सताड म्हणजे सताड, अर्धं नव्हे. मग शेजारच्या सीटवर ठेवलेला खुर्चीचा सांगाडा पोटावरून ओढून बाहेर काढायचा, हात मागे घालून चाचपडत एक चाक आणायचं, ते बसवायचं, मग दुसरं. गादी टाकायची, ब्रेक लावायचा आणि दोन्ही हातांवर अंग उचलून खुर्चीत यायचं. सवयीनं हे सगळं तुझा चहा पिऊन होईतो होतं. मात्र दाराबाहेर खुर्ची उभी राहील एवढी मोकळी जमीन लागते. म्हणूनच आमच्या इमारतीच्या आवारात लिफ्टसमोर खुर्चीचं चित्र काढलेली एक पिवळी चौकट आहे आणि तिच्या शेजारी तिरप्या रेघांचा एक पट्टा मोकळा सोडलेला आहे. तो पट्टा शोभेसाठी नाही, तो माझ्या दारासाठी आहे. पण जगाची समजूत अशी, की चौकट मोटारींसाठी आणि पट्टा स्कूटरींसाठी.

या इमारतीत पहिल्या मजल्यावर आमची लॅब. तिथे मी दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावून लोकांच्या रक्तातल्या पेशी बघत असते. दादा, हे काम मला मनापासून आवडतं. त्या वेळी मला पाय आहेत की नाहीत हे मलाही आठवत नाही आणि पेशींना तर त्याच्याशी काही देणंघेणंच नाही. दुसऱ्या मजल्यावर व्यायामशाळा आहे. तिथल्या मास्तरांना मी दंडाधिकारी म्हणते, कारण त्यांचा एकेक दंड माझ्या उशीएवढा आहे आणि चेहरा कायम निकाल देऊन मोकळा झालेला. हे दंडाधिकारी आणि त्यांचे चेले माझ्या चौकटीत गाड्या लावतात, कारण तिथून लिफ्ट जवळ पडते. म्हणजे लिफ्टनं दुसऱ्या मजल्यावर जायचं आणि वर जाऊन घाम फुटेस्तोवर जागच्या जागी पळायचं! मागच्या कुंपणाशी गाडी लावून चालत आले तर फुकटात व्यायाम होऊन बसेल, अशी धास्ती वाटते की काय कोण जाणे.

बरं, टोकावं तर प्रत्येकाकडे उत्तर तयार. बहुतेकांची दोन मिनिटं असतात. (ही दोन मिनिटं इतकी लांबतात की तेवढ्यात मी शेजारच्या दुकानातल्या सगळ्या पाट्या तोंडपाठ केल्या आहेत.) एका बाईंनी मला त्यांच्या आईच्या गुडघ्यांची हकिकत सांगितली. मी विचारलं, आई कुठे आहेत? तर म्हणे घरी. एक तरुण टुणकन उडी मारून उतरला, माझ्याशी नजरानजर झाली, आणि तिथून तो लिफ्टपर्यंत असा काही लंगडत गेला की मलाच गहिवरून यायची वेळ आली. फक्त वाटेत त्याचा दुखरा पाय बदलला. आणि एका गृहस्थांनी तर माझ्या गाडीच्या खिडकीत वाकून मला समजावलं, की तुम्हाला थांबायला काय हरकत आहे, तुम्ही तर बसलेल्याच आहात. माझ्या तळपायांना काहीही कळत नाही, असं डॉक्टरांनी सही-शिक्क्यासह लिहून दिलेलं आहे. तरीही त्या दिवशी आग तिथूनच निघाली आणि थेट मस्तकात गेली.

मग मी इमारतीच्या चिटणिसांकडे तक्रार केली. चिटणीस भला माणूस, पण त्यांना कुठल्याही दुखण्यावर एकच औषध माहीत आहे, ते म्हणजे कुलूप. त्यांनी चौकटीच्या तोंडाशी दोन खांब रोवले, साखळी लावली आणि साखळीला हे एवढं कुलूप घातलं. आता ही जागा फक्त तुमची, म्हणाले. किल्ली? किल्ली तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या कचेरीत, खिळ्याला. केव्हाही वर या आणि घेऊन जा. म्हणजे गाडी लावण्यासाठी मी किल्ली आणायची, किल्लीसाठी गाडीतून उतरायचं आणि उतरण्यासाठी आधी गाडी लावायची! हे मी त्यांना समजावून सांगितलं तेव्हा ते खांबाकडे बघत म्हणाले, मुद्दा आहे.

तेव्हा किल्ली वॉचमनकडे आली आणि माझ्या हालांना खरा रंग चढला. साखळी नव्हती तोवर त्या जागेत नुसते उर्मट लोक गाड्या लावायचे. साखळी आल्यावर प्रतिष्ठित लोक लावायला लागले. कुलूप घातलेली जागा म्हणजे कुणा खाशा माणसासाठीच असणार, आणि आपण नाही खासे तर मग कोण, असा त्यांचा साधा हिशोब. मोटार साखळीसमोर येऊन नुसती थांबली, काच खाली आली आणि आतून दोन बोटं हलली, की वॉचमन सलाम ठोकून कुलूप काढणार. एकदा तर "अपंगांच्या सोयी" या विषयावर तळमजल्याच्या सभागृहात भाषण करायला आलेल्या पाहुण्यांची गाडी तिथे होती. भाषण फार हृदयस्पर्शी झालं असं ऐकते. मी बाहेर रस्त्यावर चकरा मारत होते.

आता मुख्य गोष्ट. या सगळ्यापायी मला लॅबमध्ये पोचायला उशीर व्हायला लागला. आमच्या डॉक्टरबाई (लॅब त्यांचीच) स्वभावानं गोड आहेत, म्हणजे कडू गोळीवर साखर असते तशा. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, तुमची ही रोजची दगदग मला बघवत नाही. पुढच्या आठवड्यापासून तुम्ही घरीच बसा, घरून रिपोर्ट टाइप करा, मायक्रोस्कोपवर दुसरं कुणीतरी बसेल. तुमच्या सोयीसाठीच म्हणतेय मी. दादा, दुसऱ्याच्या सोयीची इतकी काळजी मी उभ्या जन्मात पाहिली नाही. माझी जागा बळकावणार दुसरे, आणि सोय म्हणून घरी बसायचं मी! त्या पडण्यानंतर घराबाहेर पडायला मला किती वर्षं लागली ते तुला ठाऊक आहे. हातानं ब्रेक दाबून गाडी चालवायला शिकताना मी किती रडले तेही तू ऐकलं आहेस. मायक्रोस्कोप गेला, तर मी पुन्हा त्या खिडकीशी जाऊन बसणार आणि समोरच्या घरातलं वाळत घातलेलं बघणार. मी म्हटलं, विचार करून सांगते. त्यांना वाटलं, मी हो म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी येते तर साखळी जमिनीवर आणि चौकटीत एक लांबलचक, बदामी रंगाची, कोरी करकरीत मोटार. सीटांवरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा अजून काढलेला नव्हता. वॉचमन कुठे गायब. म्हटलं, दंडाधिकाऱ्यांनी नवी गाडी घेतली वाटतं. आणि मग मी काय केलं, तर माझी गाडी त्या मोटारीच्या बरोब्बर मागे, आडवी लावली आणि आवाराच्या रस्त्याकडचं दार सताड उघडून उतरायला लागले. मागून पाण्याच्या बाटल्यांचा टेम्पो आला. तो भोंगा वाजवतोय, माझ्या एका हातात चाक, मांडीवर खुर्चीचा सांगाडा, आणि तेवढ्यात तुझा फोन. आता सांग, कापू नको तर काय करू?

टेम्पोवाल्याला कशीबशी कडेनं वाट काढून दिली, गाडीला कुलूप घातलं, वर गेले आणि कामाला बसले. काय सांगू, त्या सकाळी पेशीसुद्धा कशा सुबक दिसत होत्या. थोड्या वेळानं खाली आरडाओरडा सुरू झाला. त्याकडे मी कानाडोळा केला. (मायक्रोस्कोपवरच्या माणसाला ते चांगलं जमतं.) मग वॉचमन धापा टाकत आला. म्हणाला, मॅडमची गाडी अडकलीय. मी म्हटलं, कुठल्या मॅडमची? तो म्हणाला, आपल्याच.

डॉक्टरबाई! नवी मोटार त्यांची. तुम्ही आता घरीच बसणार, मग जागा रिकामी कशाला ठेवायची, म्हणून त्यांनी सकाळी लवकर येऊन स्वतः साखळी काढायला लावली होती. आणि आता त्यांना कुठल्याशा मीटिंगला जायचं होतं. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी रागावले. खाली गेले आणि सगळं उलट्या क्रमानं सुरू केलं: अंग उचलून सीटवर, गादी काढ, एक चाक, दुसरं चाक, सांगाडा पोटावरून पलीकडे. जराही घाई केली नाही, आणि मुद्दाम उशीरही लावला नाही. बाई घड्याळ बघत समोर उभ्या. भोवती व्यायामशाळेची सगळी मंडळी टॉवेल खांद्यावर टाकून जमलेली. त्यांच्यात दंडाधिकारी पुढे, आणि काय म्हणतात? "मॅडम, चित्र दिसत नाही का? ही जागा राखीव आहे. शिकल्यासवरल्या माणसांनी तरी असं वागू नये!" त्या क्षणी मला त्यांच्या बाजूनं भांडावं की त्यांच्याशी भांडावं, हे ठरेना.

बाई मोटार मागे घेईपर्यंत त्यांची मीटिंग बुडालीच होती. मी चौकटीत गाडी लावली, पुन्हा सगळं जोडलं, खुर्चीत बसले. त्या तिथेच उभ्या होत्या. म्हणाल्या, हे एवढं सगळं तुम्ही रोज करता? मी म्हटलं, हो. तर म्हणाल्या, म्हणूनच तर सांगते, घरी बसा! म्हणजे बघ, सगळं डोळ्यांनी पाहून बाईंना कळलं काय, तर हे. मग मात्र मी सगळ्यांसमोर सांगितलं, की बाई, या उतरण्याचा मला अजिबात त्रास होत नाही, त्रास तुमच्या मोटारीचा झाला. तुम्हाला माझी काळजी वाटते ना, तर ती मागच्या कुंपणाशी नेऊन लावा. मायक्रोस्कोप मी सोडणार नाही. माझा आवाज चढला होता आणि शेवटी थोडा फुटलाही, ते तुझ्यापासून कशाला लपवू.

तेव्हापासून बाईंची मोटार कुंपणाशी असते, त्या धापा टाकत वर येतात आणि घरी बसण्याचा विषय निघत नाही. मायक्रोस्कोपवर मीच आहे. दंडाधिकारी मात्र आता माझे कैवारी झाले असून साखळीपाशी पहारा देतात, आणि पहारा देताना त्यांची स्वतःची गाडी तिरप्या रेघांच्या पट्ट्यावर उभी असते.

वहिनीला नमस्कार, नवरीला अनेक आशीर्वाद. चूकभूल तुझी, राग माझा.

तुझी धाकटी बहीण

ता. क. फोन कापण्याआधी तू जे म्हणालास ते मला ऐकू आलं होतं. लग्नाच्या हॉलपाशी गाड्या लावायला जागा नाही, दाराजवळची एकच राखीव आहे, मुलाकडच्या मोठ्या मंडळींची गाडी तिथे लावता यावी म्हणून माझं गाडीवरचं अपंगांचं कार्ड दोन दिवसांसाठी पाठवून दे, असंच ना? कार्ड पाठवणार नाही. त्यावर माझा फोटो आहे. (चांगला आलेला नाही, पण मुलाकडच्या कुणाशीही तो जुळेल असं वाटत नाही.)

आणखी एक. तू असंही म्हणालास, की हॉलला पायऱ्या फार आहेत, तू काही येणार नाहीसच, तुझी सोय नाही व्हायची. हे तू कुणाला विचारून ठरवलंस? मला फार लागलं ते. मी हॉलच्या मॅनेजरला फोन केला. मागच्या बाजूनं स्वयंपाकाची मोठी पातेली आत नेतात, तिथे एकही पायरी नाही. जिथून पातेली जातात तिथून नवरीची आत्याही जाईल. तेव्हा ती दाराजवळची जागा मोकळी ठेव. दुसरं कुणी ऐकत नसेल, तर तिच्यात स्वतः जाऊन उभा राहा.

शेवटचं. घरच्यांचा फोटो काढाल तेव्हा पहिल्या रांगेत एक खुर्ची कमी मांड. मी माझी घेऊन येते आहे.